समाजकेंद्रात नववर्षाचं स्वागत: बारा वाजेपर्यंत माणसं टिकवायची कशी?

पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी साडेसातला दारं उघडली. सव्वाआठपर्यंत ८० माणसं आली. नऊला खाणंपिणं उरकलं, साडेनऊला मुलांचे नाच झाले आणि दहाच्या सुमारास पेंगुळलेली पोरं खांद्यावर टाकून आईवडील निघाले. साडेदहाला हॉल अर्धा रिकामा. बाराच्या ठोक्याला उलटे आकडे मोजायला आम्ही १९ जण उरलो होतो, त्यातले ९ स्वयंसेवक. फुगे मात्र २०० पडले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमात बारा वाजणं हा सगळ्यात सोपा भाग, ते काम घड्याळ करतं. आयोजकाची परीक्षा असते दहा ते पावणेबारा आणि बारानंतरची वीस मिनिटं. हा लेख लिहिताना तेच डोक्यात ठेवलंय. सजावटीवर फार वाचायला मिळणार नाही, ती कुणीतरी हौसेने करतंच.

आधी वेळ, मग बाकी सगळं

साधारणपणे आधी हॉल ठरतो, मग खाणं, मग साउंडवाला, आणि कार्यक्रम कसा चालेल हे आदल्या आठवड्यात बघितलं जातं. हा क्रम उलटा करा. एका कागदावर संध्याकाळी ५ ते रात्री १ अशा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा मारा. प्रत्येक रेघेसमोर तीन रकाने: या वेळी हॉलमध्ये कोण असेल, काय करत असेल, आणि कशामुळे उठून घरी जाईल. खरी गोम तिसऱ्या रकान्यात कळते. नऊला मुलांच्या झोपेची वेळ, दहाला ‘सगळं झालंच की’ ही भावना, साडेदहाला घरी नेणाऱ्या गाडीची काळजी, अकराला पाठदुखी. माणूस कंटाळून जातो असं आपण म्हणतो. बरेचदा तो खुर्चीला वैतागून गेलेला असतो.

साडेसात ते साडेबारा म्हणजे सलग पाच तास. इतका वेळ एकाच हॉलमध्ये कुणीही हौसेने बसत नाही. म्हणून दोनच पर्याय मला व्यवहार्य वाटतात. एकतर सव्वानऊला सुरू करून साडेबाराला संपवा. नाहीतर दोन बैठका करा: साडेपाच ते साडेसात मुलं, आजी-आजोबा आणि लवकर झोपणारी मंडळी, मग पावणेदोन तास हॉल झाडायला आणि मांडणी बदलायला, सव्वानऊपासून रात्रीची बैठक. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा. मात्र दोन्ही बैठका सगळ्यांना खुल्या आहेत हे सूचनेत स्पष्ट लिहा, नाहीतर ‘आम्हाला म्हातारे समजून लवकर बोलावलं’ असा रुसवा पुढच्या सभेपर्यंत पुरतो.

मुलांचं नवं वर्ष सातलाच

मुलांना ‘खोटे बारा’ दिले की ती लगेच पकडतात. त्यांना खरे बारा द्या, फक्त दुसरीकडचे. नवं वर्ष पृथ्वीवर एकदम येत नाही. ते आधी प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या पूर्वेकडच्या बेटांवर पोचतं. तिथलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १४ तास पुढे आहे. या देशाने १९९५ साली आंतरराष्ट्रीय वाररेषा आपल्यापुरती पूर्वेला सरकवली, कारण तोवर देशाच्या एका भागात एक तारीख आणि दुसऱ्या भागात दुसरी असायची. सगळ्यात शेवटी नंबर लागतो तो १२ तास मागे असलेल्या बेकर आणि हाउलंड या निर्मनुष्य बेटांचा. म्हणजे पहिल्या मध्यरात्रीपासून शेवटच्या मध्यरात्रीपर्यंत २६ तास जातात.

तुमची मुलांची बैठक सातला रंगणार असेल तर तुमच्यापेक्षा पाच तास पुढे असलेलं ठिकाण शोधा. हिशोब करताना एक खाच लक्षात ठेवा: डिसेंबरात दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, म्हणून सिडनी जागतिक प्रमाणवेळेच्या १० नव्हे तर ११ तास आणि ऑकलंड १३ तास पुढे असतं. टोकियो मात्र बारमाही ९ तास पुढे. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावा, बारा वाजलेल्या प्रत्येक पट्ट्यावर मुलांना टिकली चिकटवू द्या, आणि सातला त्या गावासोबत दहापासून उलटं मोजा. नकाशा काढू नका, रात्रीच्या बैठकीतली मोठी माणसंही टिकल्या चिकटवायला येतात. तुम्ही जगाच्या अगदी पूर्व टोकाला राहत असाल तर मात्र तुमच्या पुढे कुणीच नसतं. तिथे मुलांना खरं सांगून सरळ सातलाच मोजा.

हॉलमध्ये माणसं किती मावतात

हॉलच्या माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या हॉलचा असतो. टेबलं, स्टेज, स्पीकर आणि खाण्याची रांग लागली की तो आकडा राहत नाही. अंदाजासाठी एवढं धरा: टेबलाभोवती बसणाऱ्या माणसाला १ चौरस मीटर, नाचण्याच्या जागेत माणशी अर्धा. समजा हॉल १८ बाय १२ मीटर, म्हणजे २१६ चौरस मीटर. त्यातून स्टेजचे ३०, खाण्याच्या टेबलांचे आणि रांगेचे २६, वाटांचे ३० वजा केले की १३० उरले. नाचायला ४० ठेवले तर बसायची जागा ९० जणांची. नाचणारे हे त्या ९० पैकीच असतात, वेगळे नसतात, ही चूक मी स्वतः केलेली आहे. तुमचा आकडा आणि केंद्राने परवानगीत दिलेला आकडा, यांतला लहान तो खरा.

आता दारं. १९४२ साली बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसं गेली. मुख्य दार फिरतं होतं, ते गर्दीने अडकलं. बाकीच्या दारांपैकी काही बंद होती आणि काही आतल्या बाजूला उघडणारी, जी मागून रेटा आल्यावर उघडताच येत नाहीत. म्हणून संध्याकाळी पहिलं काम: प्रत्येक दार स्वतः हाताने उघडून बघा. बाहेर उघडतं का, कुलूप निघालंय का, बाहेरच्या बाजूला कुणी गाडी किंवा खुर्च्यांची चळत लावलीय का. फुकट्यांना रोखायला मागचं दार बंद करायची कल्पना कुणीतरी मांडेलच. तिथे माणूस उभा करा, कुलूप लावू नका.

आणि हॉलच्या आत आग नको म्हणजे नको. फुलबाज्या, ठिणग्यांचे कारंजे, मेणबत्त्या, काही नाही. नेदरलँड्समधल्या फोलेंडाम गावात १ जानेवारी २००१ ला, मध्यरात्र उलटून फार वेळ झाला नव्हता तेव्हा, एका कॅफेत छताला टांगलेल्या वाळक्या फांद्यांच्या सजावटीने फुलबाज्यांमुळे पेट घेतला. १४ तरुण मुलं दगावली. हाच दिवस, हीच घटका, हीच हौस. ‘एकच पेटवतो, बाहेर धरून’ असं म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगा; मी दरवर्षी सांगतो.

दोन महिने आधीची कामं

या भागात मजा नाही, पटकन उरकू. हॉलचं आरक्षण लेखी घ्या आणि त्यात ‘बारा वाजेपर्यंत’ नव्हे, ‘आवराआवरीसह दीडपर्यंत’ असं लिहून घ्या. आवाजाची वेळमर्यादा आणि त्या रात्रीपुरती सवलत आहे का ते विचारा. रेकॉर्ड केलेली गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवायला बहुतेक देशांत वेगळा परवाना लागतो. केंद्राकडे तो आधीच असू शकतो, म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी करा. अपघाताचा विमा कुणाच्या नावावर आहे तेही.

मग एकदा रात्री हॉल बघून या. दिवसा दिसणारा हॉल वेगळा असतो. बाहेरच्या पायरीवर दिवा आहे का, स्वच्छतागृहाची वाट अंधारी आहे का, मेन स्विच आणि एमसीबीची (भार वाढला की वीज आपोआप तोडणाऱ्या बटणांची) पेटी कुठे आहे, तिची किल्ली कुणाकडे असते. पाणी उकळायचं मोठं भांडं, खाणं गरम ठेवायची शेगडी आणि साउंड एकाच सर्किटवर आले की नेमकं अकरा पन्नासला सगळं बंद पडतं. साउंडला वेगळ्या सर्किटवरचा बोर्ड द्या. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका. रिळावर गुंडाळलेली वायर असेल तर ती पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापते.

किल्ल्यांचे दोन जुडगे, दोन वेगळ्या माणसांकडे. केंद्राच्या व्यवस्थापकाचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर. प्रथमोपचार पेटी उघडून बघणं, फक्त ‘आहे’ म्हणणं नव्हे.

स्वयंसेवकांना पाळ्या लावा, अडीच तासांहून मोठी नको. आवराआवरीच्या तुकडीला नऊच्या आधी बोलावूच नका. दिवसभर राबलेला माणूस एक वाजता खुर्च्या उचलत नाही, उचलल्या तर आदळतो.

दहा ते पावणेबारा

या पावणेदोन तासांसाठी साउंडवाला नेमला की काम झालं, असा समज असतो. गाणी लावली की नाचणारे २० जण खूश, बाकीचे ६० भिंतीला टेकून मोबाइल बघतात. माणूस टिकतो तो त्याच्याकडे काही काम असलं तर, किंवा काहीतरी पूर्ण व्हायचं राहिलं असेल तर. म्हणून मी या वेळेत दर २५-३० मिनिटांनी काहीतरी बदलतं ठेवतो, आणि एका गोष्टीचा निकाल बारानंतर लावतो.

दहाला टेबलवार प्रश्नमंजूषा. ओळखीची माणसं ओळखीच्या टेबलावर बसतात, म्हणून दारात प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी द्या आणि दहाला सांगा, आता आपापल्या रंगाच्या टेबलावर जा. थोडी कुरकुर होते, मग गंमत येते. प्रश्न सरत्या वर्षातले आणि शक्यतो आपल्याच वस्तीतले: केंद्राचं छत कोणत्या महिन्यात गळायला लागलं, वाचनालयात सगळ्यात जास्त पुस्तकं कुणी नेली, बागेतला बाक कोणत्या रंगाने रंगवला. असे प्रश्न मोबाइलवर सापडत नाहीत आणि जुन्या रहिवाशांना एकदम भाव येतो. एकूण चार फेऱ्या, पण दहाला तीनच. चौथी साडेअकराला.

साडेदहाला, म्हणजे हॉल रिकामा व्हायच्या नेमक्या वेळेला, दुसऱ्यांदा खाणं बाहेर आणा. हे उशिरा येणार आहे, हे आधीच सांगून ठेवा. माणसं त्यासाठी थांबतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अकराला दिवे थोडे मंद करा आणि वर्षभरातल्या केंद्रातल्या फोटोंचा सहा-सात मिनिटांचा स्लाइडशो लावा. फोटो नोव्हेंबरातच मागवा. प्रत्येक घरातला निदान एक चेहरा त्यात असलाच पाहिजे. स्वतःचा फोटो येईपर्यंत कुणी हलत नाही. मुलांचे फोटो असतील तर आईवडिलांना आधी विचारा. स्लाइडशोनंतर प्रत्येकाला एक कोरं कार्ड: पुढच्या वर्षीच्या स्वतःला दोन ओळी. कार्डं पाकिटात बंद, पाकिटावर नाव, पेटी केंद्राच्या कपाटात. पुढच्या ३१ डिसेंबरला साडेदहाला ती वाटायची. दुसऱ्या वर्षापासून ही एक गोष्ट हॉल धरून ठेवते, कारण आपण काय लिहिलं होतं ते कुणालाच आठवत नसतं.

एकट्याने आलेल्या माणसाचा विचार इथेच करायला हवा. समाजकेंद्रात नववर्ष साजरं करायचं खरं कारण बरेचदा तोच असतो. बाकीच्यांना जायला दुसरी घरं असतात. त्याच्याकडे जाऊन ‘मजा येतेय ना?’ असं विचारू नका. त्याला काम द्या: चिठ्ठ्या वाटायच्या, गुण लिहायचे, नकाशाच्या टिकल्या सांभाळायच्या. हातात काम असलेल्या माणसाशी लोक आपणहून बोलतात. छातीवर नावाची पट्टी सगळ्यांनाच लावा, आयोजकांनासुद्धा. अक्षरं मोठी, हात लांब करून वाचता येतील एवढी.

एक खोली शांत ठेवा. बंद दार, बिनसंगीत, हातांच्या खुर्च्या. पेंगुळलेलं मूल, कान ठणकणारे आजोबा, गर्दी सहन न होणारं माणूस, आणि त्या तारखेला कुणाची तरी आठवण येऊन डोळे भरलेलं माणूस, यांच्यासाठी ती असते. दारावर ‘शांत खोली’ एवढंच लिहा, कुणासाठी ते लिहू नका.

खाण्याबद्दल एकच नियम

शिजवलेलं खाणं साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त उघडं ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. नऊला मांडलेलं ताट बाराला कुणी उचललं तर तीन तास होतात. साडेदहाला दुसरी खेप काढण्याचं हेही एक कारण. प्रत्येक भांड्यावर मांडल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि दोन तास झाले की निर्दयपणे उचला. कशात काय आहे याच्या पाट्या लावा, विशेषतः शेंगदाणे, सुकामेवा, दूध, गहू आणि अंडी यांच्या. पाण्याचे पिंप दोन ठेवा, एक नाचायच्या जागेजवळ.

आवाज

स्पीकरजवळ उभं राहून गप्पा मारता येत नसतील तर माणसं बाहेर जातात, आणि बाहेर गेलेला माणूस घरी जातो. कानाचं गणितही साधं आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची आहे, आणि ती कमाल आहे, ध्येय नव्हे. मोबाइलवरचं मोजायचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक. स्पीकर नाचायच्या जागेकडे वळवा, टेबलांकडे नको. साउंडवाल्याला आवाजाची पातळी एकदा ठरवून द्या, बटणाजवळ पट्टी चिकटवा. दर तासाला ती पट्टी थोडी वर सरकलेली दिसेल.

शेवटची दहा मिनिटं

अकरा पन्नासला नाच थांबवा. स्वच्छतागृहाची शेवटची रांग आता लागते, तिला पाच मिनिटं मिळाली पाहिजेत. सगळ्यांच्या हातात पेले पोचवायचे तेही आत्ताच.

वेळ कशावर बघायची? इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणावर कधीच नको. ते काही सेकंदांपासून अर्ध्या-एक मिनिटापर्यंत मागे असतं. आम्ही एकदा शेजारच्या सगळ्या घरांतून जल्लोष ऐकला तेव्हा आमच्या पडद्यावर अजून अठ्ठावीस शिल्लक होते. आपोआप वेळ जुळवणाऱ्या मोबाइलचं घड्याळ पडद्यावर दाखवा, किंवा निवेदकाच्या हातात द्या. घड्याळ एकाच माणसाचं मानायचं, हे आधी ठरवा. (क्वचित निसर्गही चकवतो: ३१ डिसेंबर २०१६ ला जागतिक प्रमाणवेळेत एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळतं ठेवायला एक जादा सेकंद, वाढवला होता, त्यामुळे जिथे तीच वेळ चालते तिथे त्या रात्री ६१ सेकंदांचं शेवटचं मिनिट होतं.)

डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९०७ च्या ३१ डिसेंबरला पहिल्यांदा १०० दिव्यांचा गोळा खांबावरून खाली आला, ती कल्पना बंदरांतल्या वेळगोळ्यांची. ग्रिनिचच्या वेधशाळेवर असा गोळा १८३३ पासून रोज दुपारी एकला पडतो, जहाजांवरच्या खलाशांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून. त्याची रीत मला फार आवडते: पाच मिनिटं आधी गोळा अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटं आधी टोकाला, आणि मग पडतो. आम्ही ती तशीच उचलली. कागदी कंदिलात बॅटरीचा दिवा, छताच्या हुकातून ओवलेली दोरी, दोरी धरायला बारा वर्षांची एक मुलगी. अकरा पंचावन्नला कंदील अर्ध्यावर गेला की गप्पा कमी होतात. अठ्ठावन्नला टोकाला गेला की हॉल आपोआप वर बघतो. माइकवरून ‘शांत व्हा’ ओरडावं लागत नाही.

मधल्या तीन मिनिटांत, हवं असेल तर, वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहता येतं. १९४२ आणि १९४३ साली युद्धकाळातल्या दिवेबंदीमुळे टाइम्स स्क्वेअरचा गोळा उतरला नाही, तेव्हा जमलेल्या लोकांनी असंच एक मिनिट शांतता पाळली होती आणि मग घंटानाद झाला होता. उत्साहावर पाणी पडेल अशी भीती आम्हालाही होती. तसं झालं नाही, उलट नंतरचे दहा आकडे जास्त मोठ्याने आले.

फुगे सोडायचे असतील तर ते हवेने भरा, हीलियमने भरलेला फुगा जाळीतून खाली येत नाही, छताला चिकटतो. जाळीची दोरी दुपारी एकदा रिकामी ओढून बघा. कागदी चुरा टाळा, सांडलेल्या पाण्यात तो निसरडा होतो आणि फरशीवर रंग सोडतो.

बारानंतर

पहिली पाच मिनिटं काहीच ठरवू नका. माणसं एकमेकांना भेटतात, फोन करतात, नेटवर्क लागत नाही म्हणून पुन्हा करतात. मग एखादं सगळ्यांना येणारं गाणं, मग प्रश्नमंजूषेचा निकाल. बारा वीसला आवाज निम्मा, दिवे अर्धे वर. साडेबाराला पूर्ण उजेड. एकदम सगळे दिवे लावून ‘चला, संपलं’ म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून ढकलणं.

घरी कोण कुणाबरोबर जाणार याची यादी साडेअकरापर्यंत तयार हवी. गाडीवाल्यांनी किती जागा आहेत आणि कुठल्या बाजूला जाणार ते दारातच लिहायचं. प्यायलेल्याने गाडी चालवायची नाही, किल्ली मागायला एक ठरलेला, न पिणारा, शक्यतो सगळ्यांचा आवडता माणूस हवा. आमच्याकडे हे काम एक आजी करतात, त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आवराआवरीत फक्त तीन गोष्टी त्या रात्री करा: खाणं आणि ओला कचरा बाहेर, सांडलेलं पुसणं, सगळे प्लग काढणं. खुर्च्या-टेबलं दुसऱ्या दिवशी अकराला, अर्थात तशी परवानगी घेतली असेल तर. फुगे रात्रीच फोडू नका, शेजारी झोपलेले असतात.

दुसऱ्या दिवशी पावत्या जोडून हिशोब लिहिताना वहीत आणखी दोन आकडे लिहा: साडेदहाला हॉलमध्ये किती माणसं होती आणि बाराला किती. आमच्या पहिल्या वर्षीच्या पानावर ४१ आणि १९ आहेत. गेल्या वर्षीच्या पानावर ७४ आणि ७८. ते जास्तीचे चौघं शेजारच्या इमारतीतले. आवाजाची तक्रार करायला आले होते, कंदील वर चढताना बघून थांबले.